सुटली म्हणायचं नाही

त्या सकाळी आम्ही दोघं पाग सांधत होतो. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एकट्या माणसाला मारता येतं. होडी विकली तेव्हा तेवढंच मी ठेवून घेतलं. आदल्या दिवशी ते कालवांच्या खडकाला अडकून फाटलं होतं. मी त्याची शेंडी पडवीच्या खुंटीला अडकवली, बायकोला खुर्चीवर बसवलं आणि फाटका भाग तिच्या मांडीवर पसरला. मी खाली बसून लाकडी सुईनं जाळ्याचं एकेक घर भरत होतो. ती दोन्ही हातांनी जाळं ताणून धरत होती. तिला तसं सांगावं लागत नसे. जाळं हातात आलं की तिचे हात आपणहून ताणायचे.

मध्येच तिनं विचारलं, "तुमी खंयचे?"

"हंयचोच."

"कोणाचे?"

"तुझोच घोव मी."

तिनं मला टकलापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि हसली. "माझो घोव तरणो आसा. तो दर्यार गेलो हा. येतलो इतक्यात. तुमी बसा, चाय घेवन जावा."

"बरां," मी म्हटलं, "बसतंय."

गाठ मारून मी पुढच्या घराकडे वळलो, तर मनगटावर चापट बसली. "ढिली," ती म्हणाली. मग स्वतः दोन बोटांत धरून ती गाठ तिनं करकचून ओढली, वाकली आणि उरलेला दोरा दातानं तोडला. माझ्या तोंडात दोरा तोडण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तिचे दात शेवटपर्यंत शाबूत होते.

थोडी घरं भरायची राहिली. ऊन पडवीत शिरलं आणि तिला धाप लागली. मी म्हटलं, ऱ्हवांदे, उद्या पुरा करूया. तिला पेज भरवली. तिनं अर्धी खाल्ली, अर्धी परत माझ्याच तोंडाकडे केली. मग खुर्चीतच मान कलती करून झोपली. मी वाटी धुवून आलो तेव्हा ती गेलेली होती.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. उरकलं नाही.

दुपारी माणसं जमली. कोकणात माणूस गेल्यावर येणारा प्रत्येक जण एकच शब्द बरोबर घेऊन येतो. "सुटली हो बिचारी." एकानं म्हटलं की दुसरा मान हलवणार. "तिका तरी काय कळत होता?" माझा एक चुलतभाऊ, भावकीतला मोठा माणूस, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरां झाला बग. ती सुटली, तू पण सुटलस."

मी त्याचा हात काढून बाजूला ठेवला.

मी चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही. ह्रस्व-दीर्घ ज्याला बघायचं त्यानं बघावं. पण हे लिहितोय ते त्या एका शब्दासाठी. तिला काही कळत नव्हतं म्हणून ती गेली ते बरं झालं, असं जे तोंड वर करून सांगतात, त्यांनी आमच्या पडवीत एक दिवस बसून बघायला हवं होतं. नाही बसले. लांबून बघितलं आणि ठरवून टाकलं.

तिला दोन आजार होते, एक काळजाचा आणि एक डोक्याचा. आधी पाय सुजले. जोडवी बोटात रुतायला लागली, मग ती साबण लावून काढली. विहिरीवरून घागर आणताना ती वाटेत दोनदा बसायला लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एकदा मसुऱ्याला भराडी देवीच्या जत्रेला गेलो, तर रांगेत उभी असताना तिनं मला विचारलं, "कोणाचा लगीन आसा?" मला वाटलं गंमत करते. मी म्हटलं, "तुझा." ती लाजली. खरोखरची लाजली.

काळजाच्या डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. आता दर्याकाठच्या माणसाला मीठ बंद म्हणजे काय? तरी आम्ही केलं. आमटीतलं मीठ काढलं. माळ्यावरचा सुका बांगडा शेजाऱ्यांना वाटून टाकला. ती माझ्याशी भांडली, मग कशाबद्दल भांडत होती ते विसरली आणि पुन्हा पहिल्यापासून भांडली. मी बधलो नाही. आणि जेवणात काही चव उरली नाही म्हणून आमची मुलगी जामसंड्याहून कोकमाच्या आगळाच्या बाटल्या घेऊन आली. बायकोला दोन्ही वेळ सोलकढी सुरू झाली. थंड असते, काळजाला बरी, असं आमच्याकडे कोणीही सांगेल.

महिना झाला नाही तोवर ती पाण्यानं भरली. पोटऱ्यांवर बोट दाबलं तर खळगा राहायचा. आडवी पडली की गुदमरायची. गाडी करून शहरातल्या दवाखान्यात नेली.

तिथली काळजाची डॉक्टर म्हणजे आमच्या नातीच्या वयाची पोर, फोंडाघाट चढून वर कोल्हापूरकडची. शुद्ध मराठी बोलायची. तिनं मुलीला विचारलं, "जेवणात काय काय देता, सगळं सांगा." मुलीनं सगळं सांगितलं. भात, बिनमिठाची आमटी, पेज. "आणि सोलकढी, दोन वेळा."

"ती कशाची करता?"

"आगळाची. रातांब्यांचा रस असतो."

"वर्षभर टिकतो? कशानं टिकतो?"

"मीठ घालतात ना, चांगलं मूठ-मूठभर..." मुलगी बोलली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

मला हसू आलं. बायको नळीनं श्वास घेत होती आणि मी हसलो. आमटीतलं चिमूटभर वाचवलं आणि बाटलीनं पाजलं! अशी चूक करायला मालवणीच माणूस लागतो. डॉक्टरीण पण हसली, मग आमच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी रडत होती.

पाणी उतरलं. मग एक नवी गोळी सुरू करायची होती. मी विचारलं, ही कशासाठी? मला वाटलं, म्हणेल काळजासाठी, घ्या आणि चला. पण ती स्टूल ओढून बसली.

म्हणाली, "आजोबा, आपलं शरीर लहान लहान पेशींचं असतं. त्या प्रत्येक पेशीच्या अंगावर कान असतात असं समजा. आम्ही त्याला रिसेप्टर म्हणतो. एका कानाला एकच आवाज ऐकू येतो, दुसरा नाही. काळीज दमलं, रक्त पुरेना, की शरीर घाबरतं आणि ओरडायला लागतं, पळ, जोरात पळ. काळजाचे कान ते ऐकतात आणि काळीज पळतं. दोन दिवस बरं वाटतं. पण ओरडणं थांबतच नाही. मग काळीज आणखी दमतं, आणि शेवटी आपले कानच कमी करून टाकतं."

"बहिरां होता," मी म्हटलं.

"हो, बहिरं होतं. ही गोळी त्या कानांत बोळे घालते."

"आधीच बहिरा झालेल्याच्या कानात बोळे?"

"ओरडणं ऐकू आलं नाही की ते विसावतं. विसावलं की हळूहळू त्याचे कान परत येतात. महिने लागतात."

मुलगी माझ्याकडे बघत होती, ह्याला काय कळलं असेल म्हणून. मला कळलं होतं. आयुष्यभर रापण ओढलेल्या माणसाला ते न कळून चालेल कसं? रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, दोन टोकांना दोन दोर, एकेका दोराला वीस-पंचवीस माणसं. एक जण उंचावर उभा राहून पाण्यातली मासळीच्या थव्याची काळोखी बघतो आणि फडकं हलवतो, तांडेल, म्हणजे म्होरक्या, किनाऱ्यावरून हाक देतो आणि हाकेवर सगळे ओढतात. नवा तांडेल आला आणि मासळी बघून त्याचं डोकं फिरलं, की तो ओरडतच सुटतो, ओढा, ओढा, ओढा. पहिल्या दहा हाकांना माणसं जीव तोडून ओढतात. मग त्यांना हाक ऐकूच येत नाही. दोर हातातून सरकतो आणि जाळं परत जातं. जुना तांडेल अशा वेळी गप्प बसायचा. माणसांना श्वास घेऊ द्यायचा.

"म्हणजे तांडेलाक गप बसवचो," मी म्हटलं.

तिला तांडेल म्हणजे काय ते सांगावं लागलं. सांगितल्यावर म्हणाली, "अगदी तसंच नाही, पण जवळपास."

डोक्याच्या आजाराची गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी आधीच लावली होती. तीही तिनंच समजावली. तिथं उलटं होतं. डोक्यातल्या पेशी एकमेकींना हाक देतात, ती हाकच बारीक झालेली. ही गोळी नवी हाक देत नाही, पण आहे ती हाक हवेत जरा जास्त वेळ राहू देते, विरू देत नाही. मी विचारलं, बरी होईल का? "नाही," ती म्हणाली. "काही दिवस थोडं सावरेल." खोटं बोलली नाही, म्हणून ती मला आवडली.

तर असं आमचं चाललं होतं. काळजात आरडाओरडा जास्त, म्हणून तिथं बोळे. डोक्यात हाक कमी, म्हणून ती धरून ठेवायची. एकाच बाईच्या अंगात. मी सकाळी तिच्या तळहातावर दोन्ही गोळ्या ठेवायचो. ती त्या अक्षता असल्यासारख्या माझ्यावर टाकायची. पुन्हा गोळा करायच्या, पुन्हा द्यायच्या.

काही दिवस खरंच बरे गेले. मला नावानं हाक मारायची नाही, ते आमच्यात कधी नव्हतंच. पण 'अवो' म्हणायची. 'अवो' म्हणजे मीच. दुसऱ्या कुणाला ती 'अवो' म्हटली नाही कधी.

मग एका सकाळी चुलीकडे जाताना ती भिंतीला धरून खाली बसली आणि डोळे पांढरे केले. नाडी हाताला लागेना इतकी सावकाश चालत होती. परत गाडी, परत दवाखाना.

त्याच डॉक्टरणीनं सांगितलं, "डोक्यासाठी जी हाक आपण धरून ठेवतोय, तिचेही कान काळजावर आहेत. ती हाक काळजाला सांगते, हळू चल. इकडे पळ म्हणणारा आवाज आपण बंद केलाय, तिकडे हळू म्हणणारा वाढवलाय. ते फारच हळू झालं. दोन्ही गोळ्या एकत्र झेपणार नाहीत."

"मग?"

"एक काढावी लागेल. छातीत यंत्र बसवून दोन्ही चालू ठेवता येतात, पण यांची तब्येत बघता मी सुचवणार नाही. आणि डोक्याच्या गोळीचा आता तसाही फार उपयोग राहिलेला नाही. काळजाची ठेवूया."

मुलगी भडकली. व्हरांड्यात मला म्हणाली, "बाबा, ती गोळी काढली तर आई उरलासुरला पण विसरतली. तुमका पण."

"विसरांदे."

"तुमका काय वाटणा नाय?"

"वाटता. पण काळीज थांबला तर आठवतली कोणाक? यमाक?"

ती मग म्हणाली, "तर मगे तिका जामसंड्याक न्हेतंय. दवाखानो लागी आसा. बाई ठेवतंय. तुमी पण चला."

"नाय."

"कित्याक नाय? तिका घर खंयचा आणि जामसंडा खंयचा, काय समाजणार आसा?"

मी म्हटलं, "तिच्या डोक्यातली हाक कमी झाली हा. भायली नाय. भायली हंयच आसा, ह्या खाडीर. ती मी काढूक देवचंय नाय."

मुलगी म्हणाली, "अडाणीपणा करतास."

"अडाणीच आसंय."

लेकीवर माझा राग नव्हता. ती आईसाठीच भांडत होती. पण माझं म्हणणं एकच होतं, आणि तेच मी शेवटपर्यंत धरून बसलो. ती ऐकते आहे. तिच्यापर्यंत काही ना काही पोचतं आहे. ते मोडू द्यायचं नाही. मी खोटा ठरलो असतो, तर ती शेवटचे दिवस एका खुळ्या म्हाताऱ्याच्या ताब्यात काढत होती, असा अर्थ झाला असता. हे मला ठाऊक होतं.

गोळी काढली. आणि मुलगी म्हणाली तसंच झालं. 'अवो' गेलं. मी 'खंयचे तुमी' झालो. ती जेवेना. परक्या पुरुषाच्या हातचं कोण जेवणार? तोंड मिटून घ्यायची, वाटी ढकलायची. एकदा तर शेजारणीला म्हणाली, "ह्यो म्हातारो रोज येता गो. ह्येका घर नाय काय?"

मुलगी त्या आठवड्यात राहायला आली होती. रोज मला बघत होती. बॅग उघडून ठेवली होती आणि त्यात आईची लुगडी घालायला सुरुवात केली होती.

त्या संध्याकाळी बायकोनं भाताची वाटी माझ्या अंगावर उडवली. मी उठलो. डोकं फिरलं होतं. घरापुढचं खळं ओलांडून पाण्यापाशी गेलो आणि काय करावं ते न सुचून खाडीकडे तोंड करून ओरडलो. तोंडातून निघाली ती आमच्या होडीची हाक.

आमच्या खाडीत ही जुनी रीत आहे, आता मोबाईल आल्यावर गेली. होडी खाडीच्या मुखातून आत शिरली की तांडेल हाक द्यायचा. प्रत्येक होडीची हाक वेगळी. कुणाची दोन लांब, कुणाची एकच तुटकी. बायका घरात बसून ऐकायच्या आणि ज्या घरची हाक, तेवढीच बाई टोपली घेऊन उठायची. दुसरीच्या हाकेला उठली, तर वर्षभर तिची चेष्टा. आमची हाक एक लांब आणि दोन आखूड. होऽऽऽ, हो, हो.

मी ओरडलो आणि तसाच उभा राहिलो. मागे मुलगी म्हणाली, "बाबा."

वळून बघितलं. बायको खुर्चीतून उठली होती. खुंटीवरची मासळीची टोपली तिनं काढली होती. कितीतरी वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता, धूळ बसलेली. लुगड्याचा काष्टा वर खोचून ती अनवाणी खळ्यातून खाली येत होती. धाप लागत होती, तरी येत होती. माझ्याजवळ आली, माझ्या बाजूनं पुढे गेली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली.

"इलो," म्हणाली.

मला नाही, त्याला. पाण्यावरच्या त्या तरण्याला. मी बाजूलाच उभा होतो आणि मला त्याचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू?

मग मला युक्ती सुचली. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरलो, लुंगी भिजवली, डोक्यावर दोन ओंजळी खारं पाणी ओतलं आणि तिच्या पाठीमागून न येता समोरून, पाण्यातून चालत आलो. ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड बघितलंच नाही. ओले पाय बघितले.

"उशीर केलात," म्हणाली. "अवो, जेवान थंड झाला."

आणि जेवली. मी भरवलेला प्रत्येक घास जेवली. मुलगी दारात उभी होती. मग म्हणाली, "बाबा, तुमी मोठे नाटक्ये."

"जमला तर तू पण कर."

दुसऱ्या दिवशी तिनं बॅग रिकामी केली आणि एकटीच जामसंड्याला गेली.

तेव्हापासून ते माझं औषध झालं. जेवणाच्या वेळेला मी खाली जाऊन हाक द्यायचो आणि ओल्या पायांनी वर यायचो. गावातली पोरंटोरं हसायची. होडी नसलेला तांडेल, म्हणायची. हसूदेत. तिला उतरायला लावायचं नाही म्हणून मी टोपली खुर्चीच्या पायाशीच ठेवायला लागलो. हाक ऐकली की ती टोपली मांडीवर घेऊन ताठ बसायची. काही वेळा नाही बसायची. काही वेळा हाक पोचायचीच नाही, मी घसा बसेपर्यंत ओरडलो तरी. मग मला तांडेलाची गोष्ट आठवायची आणि मी गप्प बसायचो. श्वास घेऊ द्यायचो तिला. थोड्या वेळानं परत एकदा, हळूच.

डॉक्टरणीला पुढच्या खेपेला मी हे सांगितलं. म्हटलं, "तिचो एक कान शिल्लक आसा. माझ्या हाकेचो."

तिनं मान हलवली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "आजोबा, रिसेप्टर म्हणजे फार फार लहान गोष्ट असते. तुम्ही सांगताय ते तसं नाही. ती जुनी सवय असते, शेवटपर्यंत टिकते."

"ता माका समाजता," मी म्हटलं. "मी अडाणी आसंय, खुळो नाय. पण पोचता की नाय?"

"पोचतं."

"मगे झाला."

तिनं नाडी धरली, छाती तपासली. म्हणाली, "थांबवू नका." आणि मग हेही सांगितलं की काळीज फार थकलेलं आहे, कधीही, बसल्या बसल्याही. मी म्हटलं, बसल्या बसल्या चालेल. पळून पळून नको.

तसंच झालं. बसल्या बसल्या. मांडीवर अर्धवट सांधलेलं जाळं होतं, पोटात माझ्या हातची पेज होती. कुठून सुटली ती? कुणी बांधली होती? त्या सकाळी परक्या माणसाला ती चहा घेऊन जा म्हणाली. माझी ढिली गाठ तिला कळली. ज्यांना 'काही कळत नव्हतं' असं म्हणायचं आहे, त्यांच्यापैकी एकानं येऊन मला तशी गाठ मारून दाखवावी.

संध्याकाळी तिला नेलं. मुलगी आली होती. परत येताना वाटेत तीही हळूच म्हणाली, "सुटली आई."

"तू पण?" मी म्हटलं.

ती पुढे चालायला लागली. मी पण.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि मी उठून पडवीत आलो. पाग खुंटीला तसाच लटकत होता, खाली सुई लोंबत होती. खुर्ची कुणीतरी भिंतीकडे फिरवून ठेवली होती. मी ती सरळ केली. मग खाली बसलो आणि राहिलेली घरं भरायला लागलो. जाळं ताणून धरायला कुणी नव्हतं, म्हणून पायाच्या अंगठ्यात अडकवलं. तिनं ओढलेली गाठ मधेच होती, माझ्या सगळ्या गाठींपेक्षा बारीक. तिला हात लावला नाही. शेवटचा दोरा तोडायला दात नव्हते, तो कोयत्यानं कापला.

चुलतभाऊ खळ्यात आला. "काय करतस? सुतक आसा. जाळ्याक हात लावतत?"

"लावतत."

"लोक काय म्हणतले?"

"तेंका म्हणूचा होता ता तेनी काल म्हणान घेतला."

"कोपऱ्यात बस रे बाबा. तेरा दिवस तरी..."

"ती कधी बसली कोपऱ्यात?" मी म्हटलं आणि पाग खांद्यावर टाकला.

भरती नुकतीच लागली होती. कमरेएवढ्या पाण्यात गेलो. मागे तो बडबडत होता, मग निघून गेला असावा. पागाची कड दातात धरायची असते, मी हिरड्यांनी धरली, अंग फिरवलं आणि पाग फेकला. गोल उघडला. शिसं एकदम पाण्याला लागलं. जरा थांबलो, मग हातानं हातानं ओढत आणला. आत बोयरे मासे होते, पाच-सहा, तडफडणारे. फाटका भाग कुठला होता ते मला शोधून काढावं लागलं.

मग घराकडे तोंड करून हाक दिली. एक लांब, दोन आखूड. का दिली, मला विचारू नका. हात भरलेले होते, आणि हात भरले की ती हाक येते.

वर बघितलं तर मुलगी खळ्यातून खाली येत होती. केस मोकळे, काल रडून तोंड सुजलेलं. हातात टोपली होती. मला ओढून न्यायला निघाली होती आणि वाटेत टोपली उचलली, की हाक ऐकून उठली, ते मी विचारलं नाही. आल्या आल्या ओरडायलाच लागली.

"लाज नाय तुमका? सुतकात मासे मारतास! घरात माणसां येतली, तेंका काय सांगा मी?"

"सांग, म्हातारो ऐकना नाय."

"आणि ह्ये मासे? कोण खातलो?"

"मांजरां खातली. तेंका सुतक नाय."

ती रडत होती आणि टोपली पुढे धरून उभी होती, आईसारखीच कमरेला टेकवून, एका हातानं.

"खाली धर," मी म्हटलं, आणि जाळं टोपलीत झाडलं.